आधी दुःख, मग लग्न, मग बाकीचं

आमच्या आमदारांना दुःखाची फार हौस होती. हे मी चिडून म्हणत नाही. चिडायचं ते पुढं येईलच. मतदारसंघात कुठंही माणूस गेला की दोन-तीन दिवसांच्या आत साहेबांची जीप त्या घरापुढं उभी राहायची, मग ते घर पाटलाचं असो की तांड्यावरचं. खाली उतरण्याआधी साहेब गॉगल काढून खिशात ठेवायचे, उपरणं सारखं करायचे आणि चेहरा असा पाडायचे की घरच्यांनाच वाटावं, आपलं रडणं यांच्यापुढं कमी पडतंय. सतरंजीवर मांडी घालून बसायचे. मयताचं वय विचारायचे, आजार विचारायचे, "फार चांगला माणूस" म्हणून जरा वेळ खाली बघायचे. चहा घ्यायचे नाहीत. मग उठून पुढच्या गावी.

पुढच्या गावी बहुधा लग्न असायचं. जीपमध्ये मागं फेटे आणि नारळ कायम भरलेले. दोन गावांच्या मधल्या रस्त्यात साहेबांचा चेहरा बदलायचा. एकदा घाईत तो बदलायचा राहिला आणि कनेरगाव नाक्याकडच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या बापाचा हात हातात घेऊन "धीर धरा" म्हटलं, असं आमच्याकडं अजून सांगतात. बाप म्हणे म्हणाला, "व्हय साहेब, धरूनच हाय." मी काही तिथं नव्हते. पण साहेबांना ओळखणारा कुणीही या गोष्टीवर शंका घेत नाही.

"आधी कुटुंब, मग विकास," असं ते प्रत्येक सभेत सांगायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कुटुंबांसाठी काय कधी करायचं याचा त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी दुःख, मग लग्न, त्यानंतर वेळ उरला तर दवाखान्याची चिठ्ठी नाहीतर कुणा गुरुजीची बदली. रस्ता, पाणी, बस हे सगळं "बाकीचं". लोकांनाही हा क्रम पटलेला होता. माझे वडीलच म्हणायचे, "बस काय, आज न्हाई उद्या येईल. मयताला माणूस आज न्हाई आला तर मग येऊन काय उपेग?"

वडील साहेबांचे कार्यकर्ते होते. कार्यकर्ता म्हणजे काय, तर गावात कोण गेलं आणि कुणाचं जमलं हे कळमनुरीला बंगल्यावर जाऊन सांगायचं. त्या कामात त्यांनी कधी कसूर केली नाही. शेजारच्या गावचा कार्यकर्ता आपल्या आधी बंगल्यावर पोचला तर वडील त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत.

मला कळायला लागलं तेव्हा एक गोष्ट फार नवलाची वाटायची. साहेब आमच्या गावात इतक्या वेळा यायचे, तरी त्यांच्याकडं कुणी कधी काही मागितलेलं मी पाहिलं नाही. कारण साधं होतं. दुःखाच्या घरी काम सांगायचं नसतं, लोक तोंडात शेण घालतील. आणि लग्नाच्या मांडवात गाऱ्हाणं घातलं तर अपशकुन. म्हणजे माणसं तोंड उघडणार नाहीत अशा दोनच जागा असतात आणि साहेब नेमके तिथंच यायचे. हे त्यांनी ठरवून केलं होतं की अंगवळणी पडलं होतं, ते देव जाणे. मला विचाराल तर, ठरवून.

मागायचं असेल तर बंगल्यावर जायचं. बंगल्यावर गेलं की साहेब अधिवेशनाला गेलेले असायचे. अधिवेशन नसेल तेव्हा दुःखाला.

मी सातवी पास झाले ते साल. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यात होतो, हिंगोली जिल्हा व्हायचा होता. गावातली शाळा सातवीला संपायची. आठवी कळमनुरीला, दोन-अडीच कोस, मधे ओढा. पोरं सायकलवर जायची. पोरीला सायकल घेऊन देणारा बाप आमच्या गावात अजून जन्माला यायचा होता. सरकारनं मुलींना एसटीचा पास फुकट केला होता. त्याची जाहिरात आमच्या शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवली होती. फक्त एसटी आमच्या गावाला येत नव्हती. न येणाऱ्या गाडीनं फुकटात फिरायचा माझा हक्क मात्र शाबूत होता.

डेपोवाले म्हणत, साहेबांनी सांगितलं तर गाडी सोडू. वडील म्हणत, साहेबांना सवडीनं सांगू. माझं नाव कळमनुरीच्या शाळेत घातलं होतं, पण तिथल्या गुरुजींनी निरोप पाठवला की पोळ्यापर्यंत मुलगी वर्गात दिसली नाही तर नाव कमी करू. तेवढ्यात मामानं एक स्थळ आणलं. पोरगं चांगलं, हळदीची शेती, घरी ट्रॅक्टर. वडील आईला म्हणाले, "शाळा न्हाईच झाली तर हे हातचं जाऊ द्यायचं न्हाई. साहेबबी येतील लग्नाला." साहेब नक्कीच आले असते. मी तेरा वर्षांची होते. माझ्या शाळेला त्यांना वेळ नव्हता आणि लग्नाला ते फेटा बांधून हजर राहणार होते. या विचारानं माझ्या अंगाची लाही व्हायची, अजूनही होते.

आमच्या घराला लागून वडिलांच्या चुलत्याचं घर. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. दमा. ओसरीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी बोलायचं, हा त्यांचा उद्योग. एके दिवशी मी त्यांच्या ओसरीवर शेंगा फोडत होते आणि ते खोकत होते. खोकला बराच वेळ थांबेना. मी बघत राहिले. दम परत आल्यावर ते म्हणाले, "अशी काहून बघून राहिली माझ्याकडं? मी इतक्यात जायचा न्हाई. तुझा साहेब यायचा न्हाई माझ्यापायी."

मला रडूच फुटलं. कारण ते गमतीत बोलले होते आणि माझ्या मनात खरंच ते येऊन गेलं होतं. की गावात कुणीतरी जावं, साहेब यावेत, आणि मग कसंतरी, कुणीतरी बसचं बोलावं. कोण बोलणार होतं ते मला ठाऊक नव्हतं. आबांना मी सगळं रडत रडत सांगितलं. पोळा, गुरुजी, ट्रॅक्टर. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेंगा फोड."

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून सांगितलं, मला माझी तेरवी घालायची आहे. जित्तेपणी.

हे आमच्याकडं काही नवं नाही. ज्याच्या मागं मूलबाळ नाही, दिवस घालायला हक्काचं माणूस नाही, तो कधीकधी जिवंतपणीच आपली तेरवी उरकून घेतो. भट बोलावतो, पिंड ठेवतो, गाव जेवू घालतो. मग खरा मरतो तेव्हा मागच्यांना काही करावं लागत नाही. पण वडिलांना ते लागलं.

"मी हाय की, आबा. मी न्हाई का घालणार तुमचे दिवस?"

"तू हायेस रे. पण तू तवा साहेबांच्या जीपमधी असशील."

मग आबांनी हळूच जोडून दिलं, "साहेबांलाबी सांग. एवढं सगळ्यांच्या तेरवीला जातेत, माझ्याच काहून न्हाई?" यावर वडिलांचा चेहरा उजळला. साहेब घरच्या कार्याला येणार म्हटल्यावर त्यांना बाकी काही दिसेना. ते दुसऱ्याच दिवशी बंगल्यावर गेले आणि साहेबांच्या सहायकाला म्हणाले, "आमच्या चुलत्याची तेरवी हाय, रविवारी." यात एक शब्द खोटा नव्हता. सहायकानं हळहळ व्यक्त केली आणि रविवार पक्का केला. चुलते गेलेत का, हे त्यानं विचारलं नाही. तेरवी आहे म्हटल्यावर असं कोण विचारतं?

रविवारी आसपासच्या गावांतून माणसं आली. आबांनी दाढी-डोई करून घेतली होती, नवं धोतर नेसले होते आणि गळ्यात झेंडूचा हार घालून मांडवात पाटावर बसले होते. सकाळी ओढ्याकाठी पिंड ठेवला तेव्हा कावळा लगेच शिवला. आबा खट्टू झाले. "इच्छा ऱ्हायली की माझी," ते भटजींना म्हणाले, "ह्याला एवढी काय घाई?" भटजींनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना पुढं आणखी एक कार्य होतं.

दुपारी पंगती चालू असताना जीप आली. साहेब उतरले, गॉगल खिशात गेला, चेहरा पडला. माणसं उठून उभी राहिली. साहेब मांडवात आले आणि फोटो कुठं आहे ते बघायला लागले. पाटावर हार घातलेला म्हातारा बसलेला दिसला तेव्हा त्यांनी तो मयताचा मोठा भाऊ धरला असावा. त्यांनी पुढं होऊन आबांचे दोन्ही हात हातात घेतले.

"फार वाईट झालं. कधी गेले?"

"अजून न्हाई गेलो," आबा म्हणाले. "बसा."

मांडवात आधी कुणाला हसायचं धैर्य झालं नाही. मग पंगतीत कुणाला तरी ठसका लागला आणि सगळं सुटलं. वडील घामाघूम होऊन साहेबांच्या कानाशी लागले, आमच्याकडची रीत समजावून सांगू लागले. साहेब जुने माणूस होते, त्यांना रीत ठाऊक होती. ते सावरले. पण चेहऱ्याची पंचाईत झाली. दुःखाचा चेहरा लागू होईना आणि लग्नाचा बरा दिसेना. शेवटी कुठलाच न लावता ते सतरंजीवर बसले. त्या दिवशी मी त्यांचा खरा चेहरा पाहिला. साधाच होता. थोडा दमलेला.

"साहेब," आबा म्हणाले, "माझी एक इच्छा ऱ्हायली."

वडील म्हणाले, "आबा, दुःखाच्या घरी..."

"दुःखाच्या घरी घरच्यांनी मागू नये. ज्याची मयत त्यानंबी मागू नये असं कुठं हाय? भटजी, हाय का?"

भटजींच्या तोंडात घास होता. त्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"गावाला एसटी पायजे," आबा म्हणाले. "मुक्कामी. संध्याकाळी यावी, रातभर ऱ्हावी, सकाळी शाळेच्या टायमाला कळमनुरीला निघावी. दुपारची गाडी नगं मला. दुपारची गाडी बाजाराची असती, शाळेची न्हाई."

मुक्कामी गाडी मागायची हे त्यांना कुणी शिकवलं, ते मला आजवर कळलं नाही. माझ्या तर ते डोक्यातही आलं नसतं.

साहेब म्हणाले, "बघू आपण."

"बघू म्हणू नका साहेब. बघूवर जीव अडकतो माणसाचा. हितं समद्यांच्या देखत सांगा, म्हंजे मी मोकळा."

पंगती थांबल्या होत्या. पाच-सहा गावांची माणसं हातातला घास हातात धरून साहेबांकडं बघत होती. मयताची शेवटची इच्छा, आणि तीही मयतानं स्वतः, समोर बसून सांगितलेली. साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओसऱ्यांवर जी रीत सांभाळली होती तिनंच त्यांना धरलं. त्यांनी सहायकाकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि म्हणाले, "पुढच्या सोमवारपासून." मग ते उठले. चहा घेतला नाही.

सोमवारी संध्याकाळी लाल गाडी धुरळा उडवत गावात आली. नारळ फोडायला साहेब यायचे होते, पण त्यांना कुठंतरी दुःखाला जावं लागलं. नारळ आबांनी फोडला. मंगळवारी सकाळी मी खिडकीशी बसून कळमनुरीला गेले. पोळा अजून लांब होता. ट्रॅक्टरवाल्यांनी त्याच हंगामात दुसरीकडं जमवलं आणि साहेब त्या लग्नाला गेले.

वडील आबांशी कितीतरी महिने बोलले नाहीत. बंगल्यावर त्यांची चेष्टा व्हायची, "काय कार्यकर्ते, मयत बोलतं का मग तुमच्याकडं?" तेव्हापासून साहेबांनी एक बंदोबस्त केला. कुणाचाही निरोप आला की सहायक आधी विचारायचा, "गेलेत ना नक्की?" काही गावांत तर एक माणूस पुढं जाऊन डोकावून यायचा. आमच्या तालुक्यात रडणाऱ्या घराला आपला माणूस मेल्याची खात्री पटवून द्यायची वेळ आबांनी आणली. आबांना याचं भारी समाधान होतं.

पुढच्या निवडणुकीत मात्र साहेबांनी त्या बसचं सोनं केलं. "एका निपुत्रिक वृद्धाची शेवटची इच्छा मी पूर्ण केली," असं ते हिंगोलीच्या सभेत म्हणाले, आणि त्यांचा आवाज भरून आला. त्यांच्या भाषणात आबा वारलेले होते. लांबच्या गावची माणसं वडिलांना भेटली की आबांबद्दल हळहळायची. वडील आधी खुलासा करायचे. मग कंटाळले आणि "काय करता, वय झालं होतं," म्हणू लागले. आबा हे ऐकून ओसरीवर खो खो हसायचे आणि मग खोकायचे.

ती बस टिकली. माझ्यानंतर दुसऱ्या घरच्या पोरी जाऊ लागल्या, मग तांड्यावरच्या. मी दहावी झाले, बारावी झाले, डीएड झाले आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. मधे हिंगोली जिल्हा झाला. साहेब एकदा पडले, मग पुन्हा निवडून आले. पडले तेव्हा गाव म्हणालं, "मयतीला पैल्यासारखे येईनात, मग काय हुईल?" बसचं, रस्त्याचं कुणीच काही म्हणालं नाही. लोकांचा क्रम साहेबांपेक्षा वेगळा कधी नव्हता.

आबा खरे गेले ते हिवाळ्यात. दम फार वाढलाय असा आईचा फोन आला म्हणून मी आदल्या संध्याकाळच्या गाडीनं आले होते. पहाटे ते गेले. मी जवळ होते. त्यांनी काही मागितलं नाही, काही सांगितलं नाही, नुसता माझा हात धरून होते.

वडिलांनी सवयीनं आधी मोबाइल काढला आणि सहायकाला लावला. मी शेजारीच उभी होते, पलीकडचा आवाज ऐकू येत होता.

"साहेब, आमचे चुलते गेले."

"कोणते? ते बसवाले? त्यांचं तर झालं होतं ना मागंच?"

"तवा जित्ते होते, साहेब. आज खरंच गेले."

सहायक हसला. "मागच्या खेपेलाबी तुमी असंच सांगितलं होतं. आता काय मागायचंय म्हाताऱ्याला? पूल का?"

वडिलांनी फोन कानावरून काढला आणि हातात धरून उभे राहिले. त्यांनी आयुष्यभर बंगल्यावर किती मयती कळवल्या असतील. घरचीच तेवढी खोटी ठरली. मला त्या सहायकाचा, साहेबांचा, सगळ्यांचाच संताप आला. गावाचाही आला, कारण गावही तसं निवांतच होतं. तेरवी होऊन गेलेली, आता करायचं काही उरलं नव्हतं. दोन-चार माणसं ओसरीवर येऊन बसली. कुणी मोठ्यानं रडलं नाही. त्यांची तेरवी आठवून एकजण हसलाही.

उजाडलं आणि चौकात गाडी चालू झाल्याचा आवाज आला. दप्तरं घेऊन पोरी आमच्या घरावरून निघाल्या होत्या. ओसरीवरची माणसं बघून त्या थांबल्या. आमच्याकडं मढं उचलल्याशिवाय कुणी गावाबाहेर जात नाही. ओसरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "पोरींनो, माघारी फिरा. आज शाळा न्हाई." त्या फिरल्याही. एकीची त्या दिवशी परीक्षा होती. ती तोंडात ओढणीचं टोक धरून रडवेली होऊन उभी होती, पण बोलत नव्हती. दुःखाचं घर होतं ना.

वडील ओसरीवरून खाली उतरले. माझे वडील, ज्यांनी रीतीसाठी आबांशी अबोला धरला होता. त्यांनी त्या पोरीचं दप्तर हातात घेतलं आणि चालू लागले. बाकीच्या त्यांच्या मागं गेल्या. मीही गेले. गाडीच्या दारात त्यांनी एकेकीला वर चढवलं, दप्तर आत दिलं. कंडक्टर म्हणाला, "मयत झालीय म्हणं. थांबवू का गाडी?"

"थांबू नका," वडील म्हणाले. "टाइम झाला. बेल मारा."

कंडक्टरनं बेल मारली. गाडी ओढ्याच्या बाजूला वळेपर्यंत वडील तिथंच उभे होते, आणि मग पहाटेपासून पहिल्यांदा ते रडले. त्यांच्या शेजारी उभी राहून मीही रडून घेतलं.